त्रेचाळीस गाड्या मागे

मला ट्रेलर मागे घेता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे घेता येतो. उत्तम घेता येतो. सरळ रस्ता मिळाला तर मी ट्रेलर घेऊन थेट समुद्रापर्यंत जाईन, आणि आमच्या सपाट सस्कॅचवान प्रांतात सरळ रस्त्यांना तोटा नाही. पण मागे म्हटलं की त्याच्या अंगात येतं. मी डावीकडे म्हणावं तर तो उजवीकडे जातो, उजवीकडे म्हणावं तर डावीकडे, आणि मी काहीच म्हटलं नाही तर सरळ आडवा होतो.

खरं तर ट्रेलरचा विषयच नव्हता. मी वेलबर्नच्या शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवतो. जानेवारीत नववीच्या वर्गात हिमनदीवर बोलत होतो. हिमनदी दरी कशी कोरते हे हातवारे करून सांगताना मी एवढा रंगात आलो होतो की खडू मोडला. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही पाहिलीय का हिमनदी?"

मी म्हणालो, "आता प्रत्यक्ष म्हणशील तर..." आणि घंटा झाली.

वर्षभराच्या भूगोलातलं मुलांच्या लक्षात एकच वाक्य राहतं. त्या वर्गाच्या लक्षात हे राहिलं. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी पाव आणायला गेलो तर दुकानातली ग्लॅडिस काउंटरवरून वाकून, आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "ओरेस्ट, एकही डोंगर नाही रे पाहिलास? एकही?"

जेवताना मी घोषणा केली. या जुलैत आपण चौघं पहाडी राष्ट्रीय उद्यानांच्या दौऱ्यावर जायचं. बॅन्फ, योहो, जॅस्पर, सगळं. चौघं म्हणजे मी, माझी बायको व्हर्ना, सोळा वर्षांची मुलगी लेस्या आणि माझ्या सासूबाई. सासरे गेल्यानंतरचा हा पहिलाच उन्हाळा होता आणि शेतावरच्या घरात त्यांना एकटं ठेवायला व्हर्ना तयार नव्हती. सासूबाई मात्र यायला तयार नव्हत्या.

"डोंगरात काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागलो. भूकवच, घड्या, बर्फयुग.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "मी काय आहे ते विचारलं. कसं झालं ते नाही." लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मास्तरच म्हणतात, आणि ते ज्या सुरात म्हणतात त्यात आदर शोधावा लागतो.

व्हर्नाचं म्हणणं होतं, एखाद्या साध्या लॉजमध्ये दोन रात्री राहावं, डोंगर बघावा, घरी यावं. तसं केलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण शेजारचा लाइल कुंपणावरून ऐकत होता. लाइल निवृत्त आहे आणि दिवसाचे आठ तास तो कुंपणावर असतो.

"लॉज?" तो म्हणाला. "डोंगरात जाऊन भिंतीकडे बघत झोपणार? माझा ट्रेलर घेऊन जा."

त्याचा ट्रेलर सहा वर्षं त्याच्या परसात उभा होता. आत उंदरांची तिसरी पिढी नांदत होती. तो धुऊन, पुसून, चाकं बदलून तयार करण्यात आमचे चार रविवार गेले. मग लाइल मला बर्फावरच्या खेळाच्या हॉलमागच्या मोकळ्या पटांगणात मागे घ्यायला शिकवायला घेऊन गेला.

"अगदी सोपं आहे," तो म्हणाला. "विचार करू नकोस. फक्त उलटं कर."

मी उलटं केलं. मग मला वाटलं, उलट्याचं उलटं म्हणजे सुलटं झालं असेल, म्हणून पुन्हा उलटं केलं. पटांगणात वस्तू म्हणाल तर एकच होती, कचऱ्याचा लोखंडी डबा, एका टोकाला. ट्रेलर सबंध पटांगण ओलांडून त्या डब्यापर्यंत गेला. तीन शनिवार हाच प्रकार झाला. चौथ्या शनिवारी बघायला खुर्च्या घेऊन लोक आले. ग्लॅडिसनं थर्मासमधून कॉफी आणली होती.

शेवटी लाइलनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "ओरेस्ट, तू असं कर, पुढेच जा. देश मोठा आहे."

आणि मी तेच ठरवलं. सगळा दौरा मी असा आखला की कुठेही मागे जावं लागू नये. पेट्रोल पंप आरपार, जेवणाची ठिकाणं आरपार, वळसे मोठे. नकाशावर मी लाल पेन्सिलीनं रेघ काढली होती आणि ती कुठेही उलटी फिरत नव्हती. भूगोलाच्या शिक्षकाचा काही उपयोग असेल तर तो हाच.

घोळ केला तो आरक्षणानं. तंबूतळावरची जागा हिवाळ्यातच राखून ठेवावी लागते. ठरलेल्या दिवशी सकाळी आठला संगणकावर रांग लागते. आठला एक मिनिट असताना मी बसलो, आणि आठ वाजता माझा नंबर चौदा हजार सहाशे बारा होता. या एका मिनिटात एवढी माणसं कुठून आली ते कळेना. आमच्या अख्ख्या गावात नऊशे आहेत. चार तासांनी माझी पाळी आली. पडद्यावर एक घड्याळ उलटं धावायला लागलं आणि एकच जागा उरलेली दिसली. मी बटण दाबलं. मग शांतपणे वाचलं: "वाहन मागे घेऊन लावण्याची जागा."

मी फोन केला. पलीकडची बाई फार गोड बोलत होती.

"आरपार जागा हवीय का सर? मग ही रद्द करा आणि पुन्हा रांगेत या."

"रांगेत कुठे?"

"शेवटी, सर."

मी जागा रद्द केली नाही. जुलैपर्यंत काहीतरी होईल, असं मी स्वतःला सांगितलं.

जुलैपर्यंत काहीही झालं नाही. दोन दिवस गाडी चालवून आम्ही बॅन्फच्या तंबूतळावर पोहोचलो तेव्हा ट्रेलर होता तसाच होता आणि मीही. डोंगर मी वाटेत पाहिले असणार, पण खरं सांगतो, शेवटचे शंभर किलोमीटर मला डोळ्यांसमोर फक्त ती जागा दिसत होती. दोन देवदारांच्या मध्ये, गाडीच्या दाराएवढी. पहिल्या प्रयत्नात ट्रेलर शेजाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलाशी जाऊन थांबला. शेजारी जेवत होते. त्यांनी ताटं उचलून घेतली. चौथ्या प्रयत्नानंतर उद्यानाचा हिरवा शर्ट घातलेली एक मुलगी सायकलवरून आली. वय असेल वीस. छातीवर नाव होतं, ब्रिन.

"मी लावून देऊ का?" तिनं विचारलं.

ती माझ्या जागी बसली. एका हातानं स्टिअरिंग फिरवलं, खिडकीतून मागे बघितलंसुद्धा नाही, आणि ट्रेलर दोन झाडांच्या मध्ये पत्र पाकिटात जावं तसा गेला. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मुलीनंही वाजवल्या. मी तिच्याकडे पाहिलं.

"काय बाबा? मस्त लावला तिनं."

यातून एक नवाच प्रश्न उभा राहिला. जागा सोडून कुठेही गेलो तर परत आल्यावर पुन्हा मागे घ्यावा लागणार. गाडी ट्रेलरपासून सोडवावी, तर परत जोडताना गाडी नेमकी त्याच्या नाकाशी मागे न्यावी लागणार. दोन्हीकडून मागेच. तेव्हा मी असं ठरवलं की इथे असेपर्यंत पायीच फिरायचं, आणि इथून निघालो की ट्रेलर सोडवायचाच नाही. जिथे आपण, तिथे ट्रेलर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायी फिरायला म्हणून मी सगळ्यांना शंभर पावलांवरच्या टेकाडावर नेलं आणि समोरच्या शिखराचे थर समजावून दिले. वीस मिनिटं लागली असतील. परत आलो तर टेबलावर सासूबाईंचं पातेलं नव्हतं. त्या जागी एक पिवळा कागद होता: अन्न उघड्यावर सोडल्यामुळे जप्त केले आहे, फाटकावरच्या खोलीत येऊन घेऊन जावे.

हे पातेलं साधंसुधं नव्हतं. निळं, जाड, झाकणाचं, आणि आत सासूबाईंनी शेतावरून करून आणलेल्या होलुब्त्सी होत्या. कोबीच्या पानात भात आणि खिमा गुंडाळून मंद आचेवर शिजवलेल्या. या बाईनं आयुष्यात टपालाची पावतीसुद्धा हरवली नव्हती, आणि आता सरकारनं तिचं पातेलं नेलं होतं.

खोलीत टेबलामागे ब्रिनच होती. तिनं अर्ज काढला. वस्तूचं वर्णन, अस्वलाला वास जाण्याची शक्यता, आणि पुन्हा असं करणार नाही, असं हमीपत्र.

"नग किती?" तिनं विचारलं.

"बेचाळीस," सासूबाई म्हणाल्या.

ब्रिननं झाकण उघडून मोजल्या. "एक्केचाळीस आहेत."

"बेचाळीस होत्या."

ब्रिनचे कान हळूहळू लाल झाले. "मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं," ती म्हणाली. "आणि तो वास..."

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं, खुर्ची ओढून बसल्या आणि आणखी दोन तिच्या ताटलीत वाढल्या. "गार खाल्लीस ना? गार खायची नाही ही. कुठे गरम करता इथे?" हमीपत्रावर सही मी केली. ओरेस्ट पालामार, वय एकोणपन्नास, यापुढे अस्वलांना आकर्षित करणार नाही. त्यानंतर सासूबाईंनी पातेलं नजरेआड केलं नाही. गाडीत ते त्यांच्या मांडीवर असायचं.

तिसऱ्या दिवशी आम्ही योहोकडे निघालो. मला ज्यासाठी यायचं होतं ते तिथे होतं. हिमनदीच्या पोटातून निघून कड्यावरून सरळ खाली येणारा एक धबधबा. बावीस वर्षं मी त्याचं चित्र फळ्यावर काढत आलो होतो. मुख्य रस्ता सोडून एक अरुंद रस्ता वर जातो. त्याच्या तोंडाशी एक मोकळी जागा आहे आणि त्या जागेवर एक बोर्ड आहे. मोठा आहे. पिवळा आहे.

त्या वेळी मी दुसऱ्या बाजूला हात करून सांगत होतो की ही दरी इंग्रजी यू अक्षरासारखी का आहे.

"ओरेस्ट," व्हर्ना म्हणाली, "तो बोर्ड..."

"थांब," मी म्हणालो, "वाक्य पुरं होऊ दे."

वाक्य पुरं झालं तेव्हा आम्ही बोर्ड मागे टाकून बरंच वर आलो होतो. "काय होतं बोर्डावर?" मी विचारलं.

"ट्रेलरला मनाई आहे," व्हर्ना म्हणाली. "पुढे चिमट्यासारखी वळणं आहेत म्हणे."

एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. माझ्यासमोर एकच मार्ग होता, आणि सुदैवानं मला तोच येतो. मी पुढे गेलो.

पहिल्याच वळणावर गाडी वळली, ट्रेलर वळला नाही. त्याचं आतलं चाक कड्याच्या बाजूच्या गटारात उतरलं, ट्रेलर कलला आणि रस्ता दाराला कडी घालावी तसा बंद झाला. मागे एक गाडी थांबली. मग दुसरी. मग हॉर्न. आणि त्या क्षणी मी वर पाहिलं, तर वरच्या उतारावरून एक मोठी बस आमच्याकडे येत होती. पाठमोरी.

"बाबा," लेस्या म्हणाली, "ती बस उलटी येतेय."

आधी मला वाटलं, धसक्यानं माझ्या डोळ्यांवर परिणाम झाला. पण तसं नव्हतं. तिथली दोन वळणं इतकी चिंचोळी आहेत की मोठ्या बसला मधला टप्पा मागेच जावं लागतं, जाताना आणि येतानाही. म्हणजे चार प्रांत ओलांडून पलीकडे गेलो असतो तरी सापडला नसता असा, उलटं जाणं सक्तीचं असलेला रस्ता मी लाल पेन्सिलीनं शोधून काढला होता.

एव्हाना खालून माणसं चालत वर यायला लागली होती. प्रत्येकाकडे सल्ला होता. एक जर्मन गृहस्थ दोन्ही हातांनी हवेत ट्रेलर काढून दाखवत होते. कमरेला मोठं बक्कल लावलेला एक अल्बर्टाचा शेतकरी "डावीकडे, डावीकडे!" म्हणत होता आणि त्याची बायको त्याच वेळी "उजवीकडे!" म्हणत होती. मी दोघांचंही ऐकलं. ट्रेलर आणखी खोल गेला.

बस थांबली. चालकाच्या जागेवरून एक बुटकी, पिकल्या केसांची बाई उतरली. नाव नोरीन. तिनं ट्रेलरभोवती एक फेरी मारली.

"कोणी शिकवलं तुम्हाला?"

"शेजाऱ्यानं."

"काय म्हणाला?"

"विचार करू नको म्हणाला."

"ते दिसतंय," नोरीन म्हणाली.

मग तिनं कामं वाटून दिली. माझ्या ट्रेलरला खाली न्यायचं तर मागच्या सगळ्या गाड्यांनी आधी मागे जायला हवं, सर्वांत शेवटच्या गाडीपासून. लेस्या प्रत्येक खिडकीशी जाऊन सांगत, मोजत खालपर्यंत गेली. त्रेचाळीस. एका माणसाला मागे जाता येत नाही म्हणून त्रेचाळीस गाड्यांना मागे जावं लागलं. त्यांतल्या एकीलाही ते अवघड गेलं नाही, हे मी पाहत होतो.

या सगळ्याला दीड तास लागला. दीड तास बसमधली माणसं आणि चालत आलेली माणसं कड्याच्या सावलीत बसली होती, आणि सासूबाई पातेलं घेऊन त्यांच्यामधून फिरत होत्या. लाकडी चमचा, कागदी रुमाल. "एक घ्या. दोन घ्या. गार आहेत, मला दोष देऊ नका. मास्तरांना द्या." जर्मन गृहस्थांनी कृती लिहून घेतली. शेवटी पातेलं रिकामं झालं, तेव्हा अल्बर्टाच्या शेतकऱ्यासह आठ-दहा जणांनी मिळून ट्रेलरचं चाक गटारातून उचललं आणि नोरीननं माझी गाडी ट्रेलरसकट खालच्या मोकळ्या जागेपर्यंत मागे नेली. मी तिच्या शेजारी बसलो होतो, पंधरा वर्षांच्या शिकाऊ मुलासारखा हात मांडीवर ठेवून.

शेवटचे तीस मीटर उरले तेव्हा ती थांबली आणि उतरली.

"आता तुम्ही."

"मी?"

"माझी बस वर उभी आहे. आरशात बघा. ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसायला लागेल त्या बाजूला स्टिअरिंग वळवा. थोडंसंच. बाकी जगाकडे बघू नका."

बाकीचं जग तिथे उभं होतं. तेवढ्यात सासूबाई मोकळ्या जागेच्या पार टोकाला जाऊन, डोक्याचा फुलाफुलांचा रुमाल सोडून हातात धरून उभ्या राहिल्या.

"माझ्याकडे या!" त्या ओरडल्या.

"आई, तिथून बाजूला हो!" व्हर्ना ओरडली.

त्या हलल्या नाहीत. डाव्या आरशात ट्रेलर वाढला, मी थोडं डावीकडे वळवलं. तो आत गेला. उजव्या आरशात वाढला, थोडं उजवीकडे. रुमाल आरशात मोठा होत होता. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. आयुष्यात पहिल्यांदा ट्रेलर मी सांगतो तिकडे जात होता, आणि नेमका माझ्या सासूवर जात होता.

मी ब्रेक दाबला. उतरून मागे गेलो. त्यांच्यात आणि ट्रेलरमध्ये वीतभर अंतर होतं. ट्रेलर वाकडा होता, पण आत होता.

"ब्रेक चांगला आहे," त्या म्हणाल्या आणि रुमाल परत डोक्याला बांधला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांना उशीर झाला होता. गाड्या एकामागून एक वर निघून गेल्या, आणि मग उद्यानाचा अधिकारी अर्ज घेऊन आला. तो सभ्य होता. बोर्ड न पाहण्याचं कारण, अशी एक चौकट होती. मी पेन हातात धरून विचार करत राहिलो.

"वाक्य पुरं करत होतो, असं लिही," व्हर्ना म्हणाली. अधिकाऱ्यानं माझ्याकडून तेच लिहून घेतलं.

नोरीन बस घेऊन खाली आली, माणसं उतरवली आणि दार उघडंच ठेवून म्हणाली, "चला. मी परत वर निघालेय. चार जागा आहेत." मी म्हणालो, आता ट्रेलर इथेच सोडवून ठेवू, मग आपली गाडी... व्हर्नानं माझ्या हातातून किल्ली काढून घेतली. "आज तू पुरेशी चालवलीस."

मधल्या टप्प्यावर बस मागे जायला लागली तेव्हा खिडकीखाली फक्त दरी होती. सासूबाईंनी डोळे मिटले आणि माझं मनगट धरलं. घट्ट, दूध काढणाऱ्या हाताची पकड. वळण संपलं आणि त्यांनी ते सोडलं.

वर पोहोचलो. दिसण्याआधी धबधबा ऐकू येतो, मग बुटांच्या तळव्यातून जाणवतो, आणि मग झाडं संपतात. वर बर्फाची निळसर कड आणि तिथून सबंध नदी उभी खाली पडत होती. फळ्यावर मी त्याला नेहमी दीड वीत जागा देत असे. वाऱ्यानं तुषार आमच्यापर्यंत येत होते. लेस्यानं कानातले इअरफोन काढून खिशात टाकले. व्हर्ना चष्मा पुसायची आणि तो पुन्हा भिजायचा.

सासूबाई आम्हाला सोडून पुढे गेल्या, पार कठड्यापर्यंत. तीन उन्हाळे त्यांच्या शेतावर ढग नुसते येऊन बघून गेले होते. सासऱ्यांच्या शेवटच्या महिन्यात तर विहिरीनंही हात टेकले होते आणि प्यायचं पाणी टाकीतून यायचं. रुमाल भिजून त्यांच्या कपाळाला चिकटला, कोटाच्या बाह्यांतून पाणी ठिबकायला लागलं. व्हर्ना म्हणाली, "ओरेस्ट, आण तिला मागे, आजारी पडेल."

मी गेलो. त्यांच्या शेजारी उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "रात्री पण?"

"काय?"

"रात्री पण असंच पडतं?"

"हो. रात्रंदिवस."

"एवढं पाणी," त्या म्हणाल्या, "आणि बंद करायला कोणी नाही."

मी तोंड उघडलं. उन्हाळ्यात हिमनदी वितळण्याचा वेग, दर सेकंदाला किती पाणी, पुढे ते कोणत्या नदीला मिळतं, सगळं मला पाठ होतं. तोंड तसंच थोडा वेळ उघडं राहिलं, त्यात तुषार गेले, आणि मी ते मिटलं.

खालून नोरीननं दोनदा हॉर्न वाजवला. बस निघायची वेळ झाली होती. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली नाही, म्हणून मी वळून व्हर्ना आणि लेस्याला हातानं खूण केली, की तुम्ही जा.

बस गेली. पुढची एक तासानं होती. आम्ही दोघं तिथेच भिजत उभे राहिलो.